फायबरच्या घराखालचं लोखंड

मोटरहोम घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि कुणी गंजाचं नाव काढलं, की समोरून एक प्रश्न हमखास येतो : "अहो, पण ती तर फायबरची असते ना? फायबरला कुठे गंज लागतो?"

प्रश्न रास्त आहे. फायबरला गंज लागत नाही, हे खरंच. पण ते फायबरचं घर ज्याच्यावर बसवलेलं असतं ते लोखंड असतं, आणि ते घर ओढणारं तोंडही लोखंडाच्या पत्र्याचं असतं. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात आईबाबा येणार म्हणून जुनी मोटरहोम बघायला जातात तेव्हा काय होतं? सगळे आधी आत शिरतात. गाद्या दाबून बघतात, ओट्याखालचे खण उघडतात, शेगडी पेटवतात, आजोबांना रात्री उठून बाथरूमला जाता येईल का यावर चर्चा होते. तासाभराने कुणीतरी टायरला लाथ मारून बघतं आणि भाव ठरतो. खाली वाकून कुणी बघत नाही. गाडी अजून पाच वर्षं चालणार की पुढच्या तपासणीत अडकणार, हे मात्र तिथेच लिहिलेलं असतं.

या प्रकरणात ब्रिटनमधली जुनी मोटरहोम डोळ्यांसमोर ठेवू. हा बाजार तिथे मोठा आहे आणि गंजाला पोषक हवाही तिथे भरपूर आहे. कोकणातल्या गाडीची गोष्ट शेवटी थोडक्यात येईल.

१. एक गाडी, दोन कारखाने

मोटरहोम बहुधा दोन ठिकाणी जन्मते. इंजिन, चेसिस आणि ड्रायव्हरची केबिन एका मोटार कंपनीची. मागचं घर दुसऱ्या कंपनीचं. युरोपातल्या असंख्य मोटरहोमच्या तळाशी फियाट डुकाटो असते. इटलीतल्या अतेस्सा इथल्या कारखान्यात ती तयार होते, आणि प्यूजो बॉक्सर व सित्रोएन रिले या तिच्या सख्ख्या बहिणी. बाकीच्यांच्या खाली फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर सापडते.

यात मुख्य दोन प्रकार. पहिल्यात सामान वाहणारी बंद व्हॅन घेऊन तिच्याच पोटात पलंग, शेगडी, कपाटं बसवतात. ही गाडी नखशिखान्त पत्र्याची. दुसऱ्यात व्हॅनची केबिन आणि चेसिस तेवढी ठेवून मागे वेगळं घर बांधतात : लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये फोम, बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबर. गंजाच्या हिशेबाने हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिल्यात गंज सगळीकडे शोधावा लागतो. दुसऱ्यात तो खाली आणि पुढे असतो, आणि मागच्या घरात त्याची जागा ओल घेते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र सारखी. पहिला कारखाना पत्रा रंगवतो तेव्हा तो अख्खा सांगाडा रसायनांच्या टाकीत बुडवून, कानाकोपऱ्यांत थर चढवून बाहेर काढतो. मग दुसरा कारखाना करवत घेऊन येतो. खिडकीसाठी भोक, फ्रिजच्या हवेसाठी भोक, छतातल्या झरोक्यासाठी भोक. घर जोडायचं असेल तर केबिनचं अर्धं छतच कापलेलं. कापलेल्या कडेवर तो मूळ थर उरत नाही. तिथे हाताने ब्रश फिरवलेला असतो. तो फिरवणारा कारागीर मन लावून काम करणारा होता की शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत होता, यावर पंधरा वर्षांनंतरचा गंज ठरतो. म्हणून जुनी मोटरहोम बघताना दुसऱ्या कारखान्याची करवत कुठे कुठे फिरली आहे ते आधी मनात टिपून ठेवावं.

लोहचुंबकाबद्दल इथेच सांगून टाकतो. जुनी कार घेताना पत्र्यावर चुंबक फिरवतात. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. व्हॅनच्या पत्र्यावर आणि केबिनवर ही युक्ती चालते. पण काही उत्साही मंडळी तोच चुंबक मागच्या घरावर फिरवतात आणि कुठेच चिकटत नाही म्हणून हादरतात. ॲल्युमिनियमला आणि फायबरला तो चिकटणारच नाही.

२. थेंबाखाली काय चालतं

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. गाडी तपासताना तेवढं पुरत नाही. गंज नेमका कुठे आधी खातो, हे कळायला हवं.

त्यासाठी केंब्रिजमधल्या युलिक एव्हान्स या धातुशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. घरी करून बघता येईल. लोखंडाची एक पट्टी पॉलिश पेपरने लख्ख घासा आणि तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा. काही तासांनी थेंबात तांबूस कडं दिसू लागेल. आता थेंब पुसून पट्टी नीट बघा. लोखंड खाल्लं गेलंय ते थेंबाच्या मधोमध. कडेचं लोखंड बरंचसं शाबूत असतं.

असं का? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी पाणी खोल, तिथे ऑक्सिजन कमी. हा फरक पडला की धातूतून अगदी बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो. मधलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जाऊन तिथल्या ऑक्सिजनला मिळतात. विरघळलेलं लोखंड वाटेत ऑक्सिजनला भेटलं की त्याचा तांबडा गंज बनतो. त्यामुळे गंज दिसतो एकीकडे आणि खड्डा पडतो दुसरीकडे.

जिथे पाणी आहे पण हवा कमी पोहोचते, तिथलं लोखंड आधी जातं. गाडीत अशा जागा कोणत्या? दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडलेत ती फट. चाकाच्या कमानीत साचलेल्या चिखलाखालचा पत्रा. पोकळ तुळईचा तळ. खिडकीच्या रबराखालची कड. यातली एकही जागा उभ्याने दिसत नाही. उघड्या, वाऱ्यावर असलेल्या ॲक्सलवर तांबूस भुकटी दिसली की खरेदीदार घाबरतो. पण तिथे पाणी लवकर सुकतं आणि धातूही जाड असतो. धोका जोडाच्या आत असतो.

दुसरी गोष्ट, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. फटीत तयार झालेला गंज फुगतो आणि दोन पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. बाहेरचा रंग उचलला जातो, फुगा येतो. हा फुगा म्हणजे वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीसारखा प्रकार : वरचा रंग जागच्या जागी, बोट दाबलं की आत पोकळ. नाण्याएवढा फुगा दिसला तर आतला गंज तळहाताएवढा धरून चालावं, कारण तो आतून बाहेर आलेला असतो.

३. मीठ

शुद्ध पाणी वीज फारशी वाहू देत नाही. मीठ पडलं की वाहू देतं आणि वरचा सगळा खेळ वेगाने चालतो. ब्रिटनमध्ये हे मीठ रस्त्यावरूनच मिळतं. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खनिज मीठ पसरतात. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते मोठ्या प्रमाणावर निघतं. मीठ विरघळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पुरेसं मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंत. म्हणजे एरवी गोठून निपचित पडलं असतं ते पाणी मिठामुळे द्रवरूप राहतं आणि चाकांनी उडवून थेट चेसिसवर जातं.

पावसाळ्यात कोकणातल्या घरी बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते आपण बघतोच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच ओलं होतं. त्यामुळे मिठाचा पातळ थर बसलेली चेसिस पाऊस नसतानाही दमट दिवशी ओलीच राहते. काही मालक अभिमानाने सांगतात, की गाडी हिवाळाभर उबदार गॅरेजमध्ये होती. धुऊन कोरडी करून ठेवली असेल तर उत्तम. पण मिठाच्या चिखलासकट आत आणून उभी केली असेल, तर उबेमुळे गंजाला उलट बळच मिळालेलं असतं.

म्हणून मालकाला मैलांच्या आधी विचारावं : हिवाळ्यात गाडी कुठे होती, आणि कशावर उभी होती? गवतावर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाला जमिनीतून वर येणारी वाफ रात्रंदिवस लागते. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभीच असते. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये चालवलेली, दहा वर्षांत जेमतेम वीस हजार मैल फिरलेली गाडी कागदावर ताजी वाटते. पण चालणाऱ्या गाडीचे ब्रेक घासून स्वच्छ राहतात, सायलेन्सर तापून आतलं पाणी उडून जातं. उभ्या गाडीत दोन्ही गोष्टी होत नाहीत. कमी मैल या एकाच गुणासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. थोडं गणित

गंज किती वेगाने खातो याचा अंदाज देणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२२३. हवेच्या प्रकारानुसार उघडं पोलाद पहिल्या वर्षी किती झिजेल याचे टप्पे त्यात आहेत. औद्योगिक भाग किंवा मध्यम खारेपणाचा किनारा असेल तर वर्षाला एका बाजूने ५० ते ८० मायक्रॉन. खारेपणा जास्त असेल तर ८० ते २००. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता गाडीचा पत्रा घ्या. तो साधारण ०.८ मिमी, म्हणजे ८०० मायक्रॉन. रंग गेलेल्या जागी एका बाजूने वर्षाला ८० मायक्रॉन गेले तर पत्रा दहा वर्षं टिकेल. दोन्ही बाजूंनी गेले तर पाच. हेच गणित तीन मिमी जाडीच्या चेसिसच्या पट्टीला लावलं, तर दोन्ही बाजूंनी झिजूनही अठरा-एकोणीस वर्षं निघतात.

हिशेब ढोबळ आहे. उघड्या हवेत पहिला थर बसल्यावर झीज मंदावते. उलट फटीत ती एकसारखी न होता खड्ड्याखड्ड्यांनी होते आणि भोक फार लवकर पडतं. तरी जाड चेसिसवरच्या वरवरच्या तांबूसपणापेक्षा दाराखालच्या पातळ पत्र्यातला लहानसा फुगा महाग का पडतो, हे यातून कळतं.

५. घरबसल्या होणारी तपासणी

आपल्याकडच्या पासिंगसारखी ब्रिटनमध्ये एमओटी नावाची तपासणी असते. गाडी तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. गंमत म्हणजे तिचा इतिहास सगळ्यांना खुला आहे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला, की २००५ पासूनचे निकाल, त्या त्या वेळचे मैल आणि तपासनिसाचे शेरे फुकट वाचायला मिळतात. मोटरहोम बघायला दोनशे मैल जाण्याआधी ही दहा मिनिटं जरूर खर्च करावीत.

यात 'पास' की 'नापास' यापेक्षा शेऱ्यांचा क्रम वाचायचा असतो. समजा, एका गाडीला एका वर्षी शेरा मिळाला : ब्रेकच्या नळीवर किंचित गंज. पुढच्या वर्षी : ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या, मागच्या स्प्रिंगचा आधार गंजलेला पण फारसा कमकुवत नाही. तिसऱ्या वर्षी एकही शेरा नाही. आता विचारायचं : दुरुस्ती झाली, की कुणी काळा डांबरी रंग फासला? दुरुस्ती झाली असेल तर पावती असेल. पावती नसेल तर खाली झोपून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एमओटीची एक मर्यादाही आहे. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट अशा जिवाशी संबंध असलेल्या भागांच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा फार कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते. त्या परिघाबाहेर नियम बराच सैल होतो. शिवाय तपासनीस काहीही खोलून बघत नाही. गालिचा उचलत नाही, झाकण काढत नाही. परवाच पास झालेली गाडी सडलेली असू शकते, ती अशी.

मला मात्र हा ३० सेंटिमीटरचा नियम फार आवडतो. गंज किती आहे यापेक्षा तो कशाच्या शेजारी आहे हे महत्त्वाचं, ही गोष्ट त्यात नेमकी पकडली आहे. तपासणीला जाताना हाच नियम बरोबर घेऊन जावा.

६. आता खाली झोपा

बरोबर काय न्यायचं? जुनी सतरंजी, डोक्याला बांधायची बॅटरी, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, छोटा चुंबक, फोन, आणि डोळ्यांवर चष्मा, कारण गंजाचे पोपडे सरळ डोळ्यांत पडतात. गाडी सपाट, टणक जागेवर उभी असावी आणि चाकांना ठोकळे लावलेले असावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, विक्रेता कितीही "काही होत नाही हो" म्हणाला तरी. सगळ्यात चांगलं म्हणजे जवळच्या गॅरेजला पैसे देऊन गाडी रॅम्पवर चढवून घेणं. साडेतीन टनांची मोटरहोम साध्या कारच्या रॅम्पवर बसत नाही, तेव्हा व्हॅन उचलणारं गॅरेज आधी फोन करून शोधावं.

पहिली नजर रंगावर टाका. नारिंगी भुकटी, बोटाने पुसली जाणारी : वरवरचं, सोडून द्या. गडद तपकिरी, पापुद्र्यांनी सुटणारं : जाडी कमी होत आली आहे, ठोकून बघा. पत्र्याच्या जोडातून खाली ओघळलेली तपकिरी रेघ : गंज आत आहे आणि पाणी त्यातून वाहतंय. आणि सगळं पोट एकसारखं काळं कुळकुळीत चकचकीत असेल तर सर्वांत जास्त सावध व्हा. डांबराचा थर वर्षानुवर्षांनी कडक होतो, त्याला भेगा पडतात, भेगेतून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. एव्हान्सच्या थेंबाला याहून चांगली जागा मिळणार नाही. कारखान्यातला जुना थर धुळीने मातकट झालेला असतो. विक्रीच्या आठवड्यात मारलेला थर नटांवर, रबरावर, वायरींवरही उडालेला असतो. अशा वेळी आधीचे फोटो मागावेत. प्रामाणिक मालकाकडे ते बहुधा असतात.

मग कानाने बघायचं. मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जा. चांगलं पोलाद खणखणीत वाजतं. आवाज भसाडा आला, किंवा आत काहीतरी भुरभुर पडल्यासारखं ऐकू आलं, की तिथे अंगठा दाबा.

सुरुवात दाराखालच्या पोकळ पट्टीपासून करावी. तिला तिकडे सिल म्हणतात. तिच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पट्टी आतून भरते. जॅक लावायची जागाही इथेच असते. ती चेपलेली असेल तर मागे जॅक लावताना पत्रा आत गेला आहे, म्हणजे ताकद संपलेली.

पुढे मागच्या चाकांकडे सरका. डुकाटोसारख्या गाड्यांना मागे कमानपाटे असतात आणि त्यांची दोन्ही टोकं ज्या कानांना अडकवलेली असतात ते कान चेसिसला जोडलेले असतात. सगळ्या घराचं वजन इथून रस्त्यावर उतरतं. मागचं चाक नेमका इथेच खारट चिखल मारतं. वेळ कमी असेल आणि एकच जागा बघता येणार असेल, तर मी ही बघेन.

त्याच्याही मागे गेलात की घराचा जो भाग चाकांच्या पलीकडे लांब बाहेर आलेला असतो, त्याला आधार द्यायला चेसिसला जोडपट्ट्या लावलेल्या दिसतील. मूळ चेसिस आणि जोडपट्टी यांच्या सांध्यावर बॅटरी धरा. सायकली टांगायची चौकट किंवा ट्रेलरचा हूक यांचा भार याच सांध्यावर येतो. काही मोटरहोमना मागे मूळ चेसिसऐवजी आल्को कंपनीची जस्त चढवलेली चेसिस असते. ती करड्या, निस्तेज रंगाची दिसते आणि गंजाच्या बाबतीत निवांत करते. जस्त स्वतः झिजतं पण खालचं पोलाद वाचवतं, थोडा ओरखडा पडला तरी.

शेवटी ब्रेकच्या नळ्या. बारीक पोलादी नळ्या चेसिसच्या कडेने मागे जातात आणि डिझेलच्या टाकीवरून जाताना दिसेनाशा होतात. दिसणारा भाग खवल्यांचा झाला असेल तर न दिसणारा त्याहून वाईट धरावा. तांबे-निकेलच्या नळ्या बसवलेल्या दिसल्या तर मालकाने गाडीची काळजी घेतली आहे, असं समजायला हरकत नाही. स्टेपनीची टोपली आणि विजेवर सरकणारी पायरी जाता जाता बघून घ्या. त्या गंजल्या तर नव्या मिळतात.

७. केबिन

काच ज्या चौकटीत बसते तिथे, रबराच्या कडेला, बोट फिरवत जा. इथला फुगा छोटा असला तरी दुरुस्तीला काच काढावी लागते, आणि मोटरहोमची काच मोठी असते. मग केबिनचं छत आणि घर जिथे जोडलंय तिथे या : पहिल्या भागात म्हटलेली करवत इथे फिरलेली असते. जोडावर नुकताच पांढरा मसाला भरलेला दिसला तर का भरला ते विचारा. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा कोपऱ्यात उचला. खालचा फोम ओला लागला, तर पाणी काचेकडून येतंय आणि तळाचा पत्रा वरून गंजतोय. खालून कितीही बघितलं तरी हा गंज शेवटच्या टप्प्यापर्यंत कळत नाही.

पूर्ण पत्र्याच्या व्हॅनमध्ये हेच काम प्रत्येक खिडकीशी आणि छतातल्या प्रत्येक झरोक्याशी करावं लागतं.

८. घराचा भाग

१७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी पोटाला किड्यांपासून वाचवायला तांब्याचे पत्रे ठोकले. काही काळाने बघतात तर पत्रे ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे खाऊन टाकलेले. जिथे पत्र्याच्या वेष्टनाचा कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्यासाठी मरतो. मध्ये काहीतरी आडवं असलं तर वाचतो.

मोटरहोमच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीत पोलादी स्क्रू बसवतात तेव्हा मरतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि रंगाचे बारीक फोड दिसतात. त्यानंतर स्क्रूचं भोक सैल होतं, पाणी आत जातं आणि लाकडी पट्ट्या कुजू लागतात. इथे ओल मोजायचं यंत्र लागतं. त्यावर १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा ठीक, २० च्या वर गेला तर संशय. दरवर्षी घराच्या भागाची वेगळी तपासणी करून घेणारे मालक हे आकडे लिहून ठेवतात. तो कागद मागा.

गॅसच्या सिलिंडरचं कपाट विसरू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर खालून निघून जावा यासाठी कपाटाच्या तळाला भोकं असतात. तळ गंजून त्या पापुद्र्यांनी भोकं बुजलेली असतील किंवा गॅसची पोलादी नळी खवल्यांनी भरली असेल, तर हा प्रश्न पैशांचा राहत नाही. तो दुरुस्त होईपर्यंत गाडीत कुणी झोपू नये.

९. किती गंज म्हणजे फार?

बिनगंजाची पंधरा वर्षांची मोटरहोम शोधत बसलात तर सुट्ट्या संपतील. बघायचं ते एवढंच : गंजलेला भाग काही उचलून धरतोय का, आणि तो बदलता येतो का. सायलेन्सर, पायरी, ब्रेकच्या डिस्क हे बदलायचेच भाग. सिलला किंवा चाकाच्या कमानीला नवा पत्रा मारता येतो. कमानपाट्यांचे कान, चेसिसचा सांधा किंवा सीटबेल्टची जागा सडलेली असेल, तर मी परत फिरेन.

याला कारण आहे. साध्या कारला खालून वेल्डिंग करणं सोपं. मोटरहोमच्या चेसिसवर काही इंचांवरच लाकडी फरशी आणि फोम असतो. ठिणगी लागली की पेट घेणार. म्हणून आधी फर्निचर, टाक्या, गॅसच्या नळ्या सोडवाव्या लागतात, आणि वेल्डिंगपेक्षा सोडण्या-बसवण्याची मजुरीच जास्त होते.

समजा, मालक २२,००० पौंड मागतोय. गॅरेजने अंदाज दिला : सिलचं काम १,४००, ब्रेकच्या नळ्या ६००. बेरीज २,०००. गंजाच्या कामात उघडल्यावर आणखी निघतंच, म्हणून माझ्या हिशेबाने दीडपट, म्हणजे ३,००० धरावेत आणि बोलणी १९,००० पासून सुरू करावीत. मालकाने गाडी रॅम्पवर चढवू द्यायलाच नकार दिला, तर हिशेब करण्याची गरज उरत नाही.

१०. कोकणातली गाडी

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. ते समुद्रावरून वाऱ्याबरोबर येतं, आणि ते जास्त चिवट असतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते साधारण ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. कोकणात इतकी कोरडी हवा क्वचितच असते. त्यामुळे पुण्यात जुनी व्हॅन, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तिच्यावर बांधलेली कॅम्पर बघताना नंबरप्लेट वाचावी : एमएच-०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, जीए म्हणजे गोवा. नंबर कोल्हापूरचा आणि मालक मालवणचा, असंही होतं. म्हणून सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर गाव कोणतं आहे ते बघावं. पर्यटकांना घेऊन वाळूत उतरलेली गाडी असेल तर सिलच्या भोकांत तारेने टोचून बघावं. वाळू निघाली की उत्तर मिळालं.

खासगी गाडीची नोंदणी इथे पंधरा वर्षांची असते, आणि मधल्या काळात वर्षावर्षाचे शेरे कुणी लिहून ठेवत नाही. एमओटीच्या इतिहासाचं काम इथे सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात उतरूनच करावं लागतं. त्यासाठी गणपती आणि दसऱ्याच्या मधले दिवस उत्तम. पावसाळ्याने रंगाखालचे फुगे वर आणलेले असतात, आणि दिवाळीच्या गिऱ्हाइकासाठी गाडी अजून पेंटरकडे गेलेली नसते.